खताच्या आधी खुरपं

पावसाळा सरत आला की या सदराच्या टपालात लॉनच्या तक्रारींचा ढीग लागतो. या वेळी तर गुलाब आणि कढीपत्ता मागे पडले. पत्रं वेगवेगळ्या गावांहून आलीत, पण प्रश्न जवळजवळ सारखाच आहे: "लॉन मधेमधे पिवळं पडलंय, कोणतं खत घालू?" सत्तावीस वर्षं मी पुण्यातल्या बंगल्यांची आणि सोसायट्यांची लॉन सांभाळते आहे. या प्रश्नाला घाईने उत्तर दिल्यामुळे हकनाक मेलेलं गवत मी खूप पाहिलं आहे. म्हणून हा अंक लॉनसाठीच ठेवते आणि एका पत्राला जरा जास्त जागा देते.

प्रश्न: ताई, आमच्या घरापुढे साधारण ८०० चौरस फूट लॉन आहे, सिलेक्शन वन जातीचं. जुलैअखेरपर्यंत अगदी सुरेख होतं. गणपतीच्या सुमारास तीन-चार ठिकाणी ताटाएवढे पिवळे डाग दिसले. आता ते सुपाएवढे होऊन एकमेकांत मिसळायला लागलेत. नर्सरीवाल्यांनी सांगितलं म्हणून दोनदा युरिया टाकला, एकदा बुरशीनाशक फवारलं. फरक नाही, उलट डाग वाढले. घरात लॅब्राडोर आहे, सासूबाईंच्या मते सगळा दोष त्याचाच. रोज सकाळी साळुंक्यांचा थवा येतो आणि नेमक्या त्या डागांवरच चोची मारत बसतो. काय करू?
— एक वाचक भगिनी, तळेगाव दाभाडे

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे त्या साळुंक्या. त्या उगीच येत नाहीत. त्यांना तिथे खायला मिळतंय.

आता एक करा. खुरपं घेऊन लॉनवर बसा, पण डागाच्या मधोमध नको, कडेला बसा. जिथे पिवळं संपून हिरवं सुरू होतं, तिथे. मधलं गवत मेलेलं असतं, त्याला मारणारा तिथून कधीच पुढे सरकलेला असतो. तो कडेलाच सापडतो. तिथलं मूठभर गवत धरून सरळ वर ओढा. निरोगी सिलेक्शन वन सहजी हाती येत नाही, पाती तुटतील पण मूळ जागा सोडणार नाही. तुमच्याकडे मात्र गवत गोधडीचं टोक उचलावं तसं अलगद वर येईल, असा माझा अंदाज आहे.

मग एक फूट लांब, एक फूट रुंद असा चौकोन आखा. तीन बाजूंनी खुरप्याने तीन-चार इंच खोल कापा आणि वहीचं पान उलटावं तसा तो थर चौथ्या बाजूवर उलटा. मागच्याच आठवड्यात बाणेरच्या एका घरी मी हेच केलं. चांगलं लॉन असं उलटताना मुळं तुटल्याचा चरचर आवाज येतो. तिथे काहीच आवाज आला नाही. थर नुसता सुटून आला. खाली माती चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत, आणि तिच्यात पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या. डोकं तपकिरी, पुढे सहा पाय, शेपटीकडचा भाग आतल्या मातीमुळे काळसर. एका चौरस फुटात नऊ मोजल्या. त्या घरच्या आजी शेतकरी कुटुंबातल्या. त्यांनी बघताक्षणी नाव सांगितलं: हुमणी.

होय, उसात आणि भुईमुगात येते तीच. तिचं वर्षाचं गणित एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पत्र लिहायची वेळ येणार नाही. मे-जूनमध्ये वळवाच्या पहिल्या जोरदार सरी पडल्या की जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात. अंधार पडताच ते कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं. पहाटेच्या आत ते मातीत परततात आणि मादी अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या आधी मातीतला कुजका पालापाचोळा खातात, मग मुळांकडे वळतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात खादाड असतात. म्हणूनच जुलैअखेरपर्यंत तुम्हाला काही दिसलं नाही. तोवर पाऊसही भरपूर होता, अर्ध्या मुळांवरही गवत तगून राहिलं. पावसाने उघडीप दिली, ऊन तापलं आणि पाणी ओढायला मुळंच नाहीत हे उघडं पडलं.

यावरून युरियाने का बिघडलं तेही लक्षात येईल. मुळं खाल्लेल्या गवताला खत म्हणजे आजारी माणसाला जेवणाचा आग्रह. युरिया विरघळून मातीतलं द्रावण तीव्र झालं की उरलेल्या चार मुळांना पाणी ओढणं आणखी अवघड होतं. नर्सरीवाल्यांना मी दोष देणार नाही, त्यांना फोनवर फक्त "पिवळं पडलंय" एवढंच कळलं असणार.

लॅब्राडोरलाही या खटल्यातून सोडवू या. कुत्र्याच्या लघवीने पडलेला डाग वेगळा असतो. वीतभर, बहुधा गोल, मधे वाळलेला, आणि भोवती गर्द हिरवं कडं. मधे नत्र आणि क्षार इतके जास्त पडतात की गवत जळतं, कडेला तेच पातळ होऊन खताचं काम करतं. तिथलं गवत ओढून पाहिलंत तर घट्ट रुतलेलं असतं. तुमच्या डागांना हिरवं कडं असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तरीही तो जिथे नेहमी जातो तिथे लगेच बादलीभर पाणी ओतायची सवय ठेवा.

राहिली बुरशी. तिची तपासणी सकाळी साडेसहाला दव असताना करायची, दहा वाजता नाही. डागाच्या कडेला ओल्या पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले, किंवा पात्यांवर स्वतंत्र ठिपके दिसले, तर बुरशीचा संशय घ्यावा. हुमणीच्या डागात पातं स्वच्छ असतं, नुसतं सुकलेलं. रोगी पातं आणि उपाशी पातं यांतला हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढे चूक होत नाही.

आता उपाय. ८०० चौरस फूट म्हणजे एकर नव्हे, हाताने वेचणं शक्य आहे. डागांच्या कडा उलटा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. थोड्या उघड्यावर ठेवल्यात तर साळुंक्या आणि बगळे पुढचं काम करतील. चौरस फुटाला एक-दोनच सापडल्या तर सोडून द्या, सशक्त लॉन तेवढं सोसतं. पाच-सहाच्या वर असतील तर मात्र मागे लागायला हवं. मेटारायझियम नावाची मित्रबुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात ती चाळलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी ओलसर मातीवर पसरायची आणि हलकं पाणी द्यायचं. पण तुम्ही बुरशीनाशक फवारलंय. हीसुद्धा बुरशीच, त्या औषधाने तीही मरेल. म्हणून निदान पंधरा दिवस थांबा. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मोठ्या अळ्यांपेक्षा लहान अळ्यांवर ती जास्त चालते. तेव्हा तिची खरी वेळ जून-जुलै. उसासाठीची जहाल कीटकनाशकं घरच्या लॉनवर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्या गवतावर नातवंडं रांगतात आणि कुत्रा लोळतो, तिथे ती नकोत.

वेचून झाल्यावर सुटलेला थर परत पसरून पायाने घट्ट दाबा, म्हणजे उरलेली मुळं मातीला टेकतील. पुढचे दोन आठवडे रोज थोडं थोडं पाणी द्या. मुळं आखूड आहेत, खोल पाण्याचा त्यांना उपयोग नाही. जिथे पूर्ण टक्कल पडलंय तिथे चांगल्या भागातल्या मुळं असलेल्या काड्या काढून तीन-चार इंचांवर टोचा. सप्टेंबरच्या उबेत महिना-दीड महिन्यात जागा झाकली जाते. खताचा विचार त्यानंतर.

पुढच्या वर्षी वळीव पडला की तीन-चार संध्याकाळी घराजवळच्या कडुनिंबावर बॅटरी मारून बघा. भुंगेरे दिसले तर खाली जुनी चादर पसरून फांदी हलवा. जेवढ्या माद्या तिथे सापडतील तेवढी अंडी लॉनमध्ये कमी.

आणखी एक. शेणखतातही पांढऱ्या अळ्या निघतात आणि लोक घाबरून सगळं खत फेकून देतात. अळी फरशीवर ठेवून बघा. ती पाठीवर उताणी होऊन सरपटत चालायला लागली, तर ती कुजका पाला खाणारी आहे, जिवंत मुळांना त्रास देत नाही. तिला खताच्या खड्ड्यात परत सोडा. हुमणी असं चालत नाही, ती कुशीवर वळून पडून राहते. तरीही खत पूर्ण कुजलेलंच वापरा.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी बंगला बांधला. लॉनमध्ये एकाच जागी, साधारण खाटेच्या आकाराचा पट्टा दर उन्हाळ्यात पिवळा पडतो, पावसाळ्यात परत हिरवा होतो. पाणी सगळीकडे सारखंच देतो.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: लॉनमध्ये सरळ कड दिसली की मी आधी माणसाचा हात शोधते. कीड आणि बुरशी चौकोनी डाग पाडत नाहीत. चौकोनी डाग पाडतो तो गवंडी, प्लंबर किंवा खत फेकणारा हात.

एक हातभर लांब, आठ मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, हिरव्या भागात ती हाताने दाबून बघा, किती खोल जाते. मग पिवळ्या भागात दाबा. दोन-तीन इंचांवर ती 'टक्' करून थांबली, की उत्तर मिळालं.

हे शिकण्याआधी माझ्या हातून एका लॉनने दोन उन्हाळे भोगले. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका बंगल्यात असाच डाग होता. मी पहिल्या वर्षी बुरशी म्हणून औषधं दिली, दुसऱ्या वर्षी लोह कमी म्हणून फवारण्या केल्या. मालक भले, काही बोलले नाहीत. शेवटी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका वयस्क माळीकाकांनी मला न विचारता सळई आणली आणि खुपसली. खाली सिमेंटचा घट्ट थर होता. बांधकाम चालू असताना गवंड्यांनी माल कालवायची जागा तीच ठेवली होती. वाळलेला माल तसाच सोडून वर दोन टोपल्या माती पसरून लॉन लावलेलं. एवढ्याशा मातीत पाणी एक दिवसही टिकत नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत सळई असते.

तुमच्याकडे माल, विटांचे तुकडे की मुरूम, ते खणल्यावर कळेल. तो थर काढून टाका आणि निदान आठ इंच चांगली माती भरा. हे काम जूनच्या सुरुवातीला करा, पाऊस जागा बसवून देईल. सळई कुठेच अडली नाही, तर मात्र पाण्याची शंका घ्या. श्रीखंडाचे सहा-सात रिकामे डबे लॉनभर ठेवून अर्धा तास फवारा चालू करा आणि प्रत्येक डब्यात किती पाणी साठलं ते पट्टीने मोजा. "पाणी सगळीकडे सारखंच देतो" असं सांगणाऱ्या घरांत मी एका डब्यात बोटभर आणि दुसऱ्यात फक्त तळ ओला, असं पाहिलं आहे.

प्रश्न: आमचं लॉन डागाडागांनी नाही, सगळंच फिकट पिवळं दिसतं. युरिया दिला की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. पाणी बोअरचं आहे, नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो. जमीन चुनखडीची आहे असं बांधकामाच्या वेळी सांगितलं होतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: गवताचं एकच रोप उपटून तळहातावर घ्या आणि पिवळं कोणतं पान आहे ते बघा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली असतील आणि कोवळं पान हिरवं असेल, तर नत्र कमी आहे. गवत नत्र जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. कोवळंच पान पिवळं आणि त्यावर हिरव्या बारीक उभ्या रेषा दिसत असतील, तर लोह कमी आहे, कारण लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहजी जात नाही. तुमच्या वर्णनावरून दुसरं वाटतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं.

नुसत्या वर्णनावर विसंबू नका, लॉनलाच विचारा. सुतळीने एक-एक मीटरचे दोन चौकोन शेजारी शेजारी आखा. एकावर हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) फवारा: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्व, संध्याकाळच्या वेळी. दुसऱ्यात दहा ग्रॅम युरिया समान टाकून लगेच भरपूर पाणी द्या. आठ दिवसांत कोणता चौकोन गर्द होतो ते तुम्हाला गच्चीवरूनही दिसेल. हिराकस फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जन्मभर जात नाहीत.

हिराकशीने गवत हिरवं झालं, तरी तो रंग काही आठवडेच टिकेल. अशा जमिनीत हिराकस मातीत घालून फायदा नाही, चुनखडी ती बांधून ठेवते. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. महाग आहे, पण चुनखडीतही टिकतं. आणि दर वर्षी चाळलेलं कंपोस्ट पाव इंच पसरत जा. जानेवारीत मात्र यातलं काही करू नका. थंडीची लाट आली की हरळीच्या जातीचं गवत झोपी जातं आणि पिवळटतं, फेब्रुवारीच्या शेवटी आपोआप उठतं.

प्रश्न: स्वयंपाकघराच्या दारापासून लॉनमध्ये जिभेसारखा पिवळा पट्टा गेला आहे. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं सांडपाणी आम्ही नळीने लॉनमध्ये सोडतो. त्याचं असेल का?
— एक वाचक भगिनी, उंड्री

उत्तर: त्याचंच असावं, विशेषतः तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर. गाळून प्यायला घेतलेल्या पाण्यातले क्षार त्या सांडपाण्यात जमा होतात आणि ते रोज एकाच जागी पडतं. माती वाळल्यावर तिथे पांढुरकी साय दिसते का बघा. पाणी वाचवण्याची तुमची तळमळ मला मनापासून पटते. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. त्या पट्ट्यावर पावसाचं किंवा गोडं पाणी दोन-तीनदा भरपूर सोडून क्षार खाली उतरू द्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत गवतावर येत असेल, तर तिथेही असाच डाग पडेल.

प्रश्न: पावसात आमच्या लॉनमध्ये पोपटी-पिवळ्या रंगाचे गोल पुंजके उठतात. कापल्यावर दोन दिवसांत ते बाकीच्या गवताच्या वर डोकं काढतात. कोणतं मूलद्रव्य कमी आहे? बाकी लॉनही आषाढात निस्तेज होतं.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर: एक काडी तोडून बोटांत फिरवा. तीन कंगोरे लागले तर तो लव्हाळा आहे, गवतच नाही. त्याला कशाचीही कमतरता नाही, उलट तो तुमच्या लॉनचं खाऊन वाढतोय. नुसता उपटलात तर मातीतली गाठ मागे राहते आणि पुन्हा फुटते. पाऊस थांबून माती वाफशावर आली की खुरप्याच्या टोकाने गाठीसकट काढा, आणि दर पंधरवड्याला फिरून नवे कोंब काढत राहा. दोन मोसम चिकाटी लागते.

बाकीचं लॉन निस्तेज होतं त्याला तुमचा पाऊस कारण आहे. जांभ्या जमिनीतून इतक्या पाण्याबरोबर नत्र वाहून जातं, आणि जिथे पाणी साचतं तिथे मुळांना हवा मिळत नाही. आषाढात युरिया टाकलात तर तोही ओढ्यालाच मिळेल. त्या दिवसांत गवत नेहमीपेक्षा अर्धा इंच उंच ठेवा, साचणाऱ्या जागेतून उताराकडे बोटभर चर काढून द्या आणि ओल्या मातीवर मशीन चालवू नका. खत चतुर्थी झाल्यावर, ८०० ते १००० चौरस फुटांना किलोभर युरियाच्या वर नको, तोही दोन हप्त्यांत, पात्यांवरचं दव सुकल्यावर. माती आंबट असेल तर चुना लागेल, पण तो तपासणी करून आणल्याशिवाय टाकू नका. तपासणीसाठी माती पिवळ्या आणि हिरव्या, दोन्ही जागांची घ्या, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत न्या.